वर्गप्रमुखाची वही आणि संमतीचा कागद: टेक्सासमधील मराठी पालकांना खुले पत्र

९ जानेवारी २०२६

प्रति,
टेक्सासमधील सर्व मराठी पालक, तसेच डॅलस, ह्युस्टन, ऑस्टिन आणि सॅन अँटोनिओ परिसरातील मराठी मंडळांचे पदाधिकारी आणि रविवारच्या मराठी शाळांचे शिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

येत्या १ मार्चच्या आत टेक्सासमधल्या प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे स्थानिक सरकारी शाळांचा कारभार पाहणाऱ्या विभागाच्या, बोर्डाला एका प्रश्नावर, प्रत्येक सदस्याचे नाव नोंदवून, मतदान करायचे आहे. शाळेच्या रोजच्या दिवसात प्रार्थनेसाठी आणि बायबल किंवा अन्य धर्मग्रंथाच्या वाचनासाठी एक वेळ राखून ठेवायची की नाही, हा तो प्रश्न. विधिमंडळाने गेल्या वर्षी मंजूर केलेला हा कायदा सिनेट बिल ११ या नावाने ओळखला जातो. गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी त्यावर सही केली आणि १ सप्टेंबर २०२५ पासून तो लागू झाला. मुलाने या प्रार्थनेला बसावे असे ज्या पालकाला वाटते त्याने संमतीपत्रावर सही करून द्यायची आहे, आणि ज्या शिक्षकाला किंवा कर्मचाऱ्याला बसायचे आहे त्याने स्वतःची सही द्यायची आहे. शिकवण्याचा वेळ यासाठी कापायचा नाही, ध्वनिक्षेपकावरून काही ऐकवायचे नाही, आणि ज्यांनी संमती दिलेली नाही त्यांच्या समोर किंवा त्यांच्या कानावर पडेल अशा रीतीने हे होता कामा नये, असे कायदा सांगतो. त्याच संमतीपत्रात पालकाने आणखी एक गोष्ट लिहून द्यायची आहे: या धोरणाविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा आपला हक्क आपण सोडत आहोत.

दिवाळीच्या फराळाला जमलेल्या मंडळींत हा विषय निघाला तेव्हा एक वाक्य मी त्या एका संध्याकाळी तीन वेगवेगळ्या घरच्या माणसांकडून ऐकले. ‘सही केली तर आपलं काय जातं?’ बोलणारे सगळे भले लोक आहेत. मुलांना चार चांगले शब्द कानावर पडावेत, शाळेत वेगळे पडू नये, शेजाऱ्यांशी गोडीने राहावे, एवढेच त्यांच्या मनात होते. पण हे वाक्य मी चाळीस वर्षांपूर्वीही ऐकले आहे, आणि तेव्हा ते ज्याला उद्देशून बोलले गेले तो मुलगा मला अजून दिसतो. म्हणून हे पत्र.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझी शाळा होती. सकाळी मैदानावर उंचीप्रमाणे रांगा, एक हात अंतर, सावधान, विश्राम, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि मग पेटीवर सूर धरून प्रार्थना, असा परिपाठ रोज होई. सहावीत मी वर्गप्रमुख होते. प्रार्थनेच्या वेळी डोळे उघडे ठेवणाऱ्यांची, हात न जोडणाऱ्यांची आणि तोंड न हलवणाऱ्यांची नावे माझ्याकडच्या वहीत लिहायची, हे माझ्या कामांपैकी एक काम होते, आणि ते मी मन लावून करत असे. आमच्या वर्गात मुसलमान घरातला एक मुलगा होता. तो हात जोडायचा, डोळे मिटायचा, पण ओठ हलवायचा नाही. सलग तीन दिवस मी त्याचे नाव लिहिले. चौथ्या दिवशी गुरुजींनी त्याला रांगेतून बाहेर काढून ध्वजाच्या कट्ट्याजवळ उभे केले. मारले नाही, ओरडलेही नाहीत. अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘सगळ्यांबरोबर म्हणायला तुझं काय जातं?’ त्याने उत्तर दिले नाही. त्यानंतर तो रोज उशिरा यायला लागला. परिपाठ संपल्याची घंटा झाली की फाटकातून आत येई, उशिराची शिक्षा म्हणून ओंजळभर खडे वेचून मैदानाबाहेर टाकी आणि मग वर्गात येऊन बसे. वर्षभर त्याने खडे वेचले. आमची प्रार्थना कोणाही धर्माला दुखावणारी नव्हती, असे मला तेव्हा वाटे. आजही तिच्या शब्दांत मला खोट दिसत नाही. खोट त्या वहीत होती.

मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. कोण प्रार्थना करतो आणि कोण करत नाही याची यादी शाळेच्या हातात असता कामा नये. सक्ती आहे की नाही हा प्रश्न त्यानंतरचा आहे. संमतीपत्रे गोळा झाली की ती एका फाइलमध्ये लागतील, त्या फाइलवरून कोणत्या मुलाला कोणत्या खोलीत पाठवायचे ते ठरेल, आणि संमती देणाऱ्यांची यादी तयार होताच न देणाऱ्यांची यादी आपोआप तयार झालेली असेल. ती वेगळी लिहावीही लागणार नाही. रोज सकाळी एका खोलीकडे वळणारी आणि न वळणारी पावले ती यादी सगळ्या शाळेला वाचून दाखवतील.

अमेरिकेत हा वाद नवा नाही, आणि ‘ऐच्छिक’ हा शब्दही नवा नाही. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने एक छोटीशी प्रार्थना तयार केली होती, इंग्रजीत अवघ्या २२ शब्दांची, कोणत्याही पंथाचे नाव न घेणारी. ज्याला म्हणायची नसेल त्याने गप्प राहावे किंवा वर्गाबाहेर जावे, अशी मुभा होती. लाँग आयलंडवरच्या पाच कुटुंबांनी तिला आव्हान दिले. त्यांत ज्यू होते, युनिटेरियन या उदारमतवादी पंथाचे होते, कोणताही धर्म न मानणारेही होते. १९६२ मध्ये एंगल विरुद्ध विटाले या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कोणत्याही जनसमूहाने म्हणावी अशी प्रार्थना रचून देणे हे सरकारचे काम नाही, आणि सरकारची प्रतिष्ठा एखाद्या श्रद्धेच्या पाठीशी उभी राहिली की अल्पसंख्याकांवर अप्रत्यक्ष दडपण येतेच, असे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांच्या निकालपत्राचे सांगणे होते. मुभा असल्याने ते दडपण नाहीसे होत नाही, हे न्यायालयाने तेव्हाच मान्य केले.

पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या ॲबिंग्टनचा खटला आला. तिथे शाळेत रोज सकाळी बायबलमधली दहा वचने वाचली जात आणि येशूने शिकवलेली प्रार्थना म्हटली जाई. पालकाने चिठ्ठी दिली की मूल त्यातून मोकळे. मुलांसाठी न्यायालयात गेलेल्या एडवर्ड शेम्प यांनी ती चिठ्ठी दिली नव्हती, आणि का दिली नाही ते त्यांनी साक्षीत सांगितले. मुले विक्षिप्त ठरतील, त्या वेळात त्यांना बाहेर उभे राहावे लागेल, आणि शाळेत बाहेर उभे राहणे म्हणजे शिक्षा, असेच सगळी मुले समजतील. प्रार्थनेला लागूनच होणाऱ्या सूचनाही त्यांना ऐकता येणार नाहीत. हे वाचताना मला अमेरिकेतला खटला वाचतो आहोत असे वाटलेच नाही. वर्गाबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे ज्याने मराठी शाळेत एकदा तरी अनुभवले आहे त्याला त्या बापाचे म्हणणे कोणी समजावून सांगायला नको.

कोणी म्हणेल, आणि न्यायाने म्हणेल, की ॲबिंग्टनमध्ये बाहेर पडण्यासाठी चिठ्ठी लागत होती आणि टेक्सासमध्ये आत येण्यासाठी लागणार आहे. हा फरक खरा आहे आणि मी तो नाकारत नाही. काही न केल्यास मूल बाहेरच राहील, ही जमेची बाजू आहे. पण ज्या गावात तीसपैकी सव्वीस मुलांच्या घरून सही येते तिथे उरलेल्या चौघांना कायद्याची ही दिशा दिसत नाही, त्यांना रिकामा होणारा वर्ग दिसतो. वर्गशिक्षिकेची स्वतःची सही असेल तर तीही उठून त्या खोलीत जाईल. दहा वर्षांचे मूल आपल्या बाईंच्या चेहऱ्याकडे बघून आपण बरोबर आहोत की चुकलो ते ठरवत असते. बाई कुठे जातात आणि कोणाला बरोबर घेऊन जातात, हे त्याला नक्की कळते. शिवाय संमती कोणाची? सही पालकाची आणि बसायचे मुलाने, अशी ही व्यवस्था आहे. चौदा वर्षांच्या मुलीला बसायचे नसेल आणि घरच्यांनी सही केली असेल, तर त्याला तिची इच्छा कसे म्हणायचे?

आता आपल्याच मंडळींचा एक युक्तिवाद, जो मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो. कायद्यात ‘बायबल किंवा अन्य धर्मग्रंथ’ असे शब्द आहेत, मग आपली मुले गीतेचा अध्याय म्हणतील, उलट आपली संस्कृती शाळेत पोहोचेल, असे काहीजण उत्साहाने सांगतात. मला गीता प्रिय आहे. माझ्या घरी आजही दिवेलागणीला देवापाशी दिवा लावून मुले परवचा म्हणतात, आणि त्यांना ते यावे यासाठी मी रागावलेही आहे. म्हणूनच मला विचारावेसे वाटते की त्या खोलीत आपल्या दोन मुलांना घेऊन कोण बसणार आहे? आपली म्हणून कोणती प्रार्थना निवडली जाणार आहे, आणि ती कोण निवडणार आहे? आपल्या मंडळातच वारकऱ्यांच्या घरची मुले आहेत, लिंगायत आहेत, जैन आहेत, मराठी ख्रिस्ती आणि मराठी मुसलमान आहेत, देव न मानणाऱ्या घरातली आहेत. ज्यांच्या आजी-आजोबांनी १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांबरोबर धम्मदीक्षा घेतली अशा घरातली मुलेही आहेत. त्या मुलांना ‘भारतीय’ म्हणून गीतेच्या टेबलावर बसवले जाईल, आणि तिथून उठायचे तर त्यांना दुसऱ्यांदा वेगळे व्हावे लागेल, आधी शाळेपासून आणि मग आपल्यापासून.

ज्यांचा धर्म एकच आहे त्यांचेही या बाबतीत कधी जमले नाही. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात दंगली पेटल्या, माणसे मेली, दोन कॅथलिक चर्च जाळली गेली, आणि भडका उडण्यामागे एक मोठे कारण होते ते शाळेत कोणते बायबल वाचायचे हा प्रोटेस्टंट आणि कॅथलिक यांच्यातला वाद. आपल्या टेक्सासचे उदाहरण तर अगदी अलीकडचे. ह्युस्टनहून गॅल्व्हेस्टनकडे जाताना सँटा फे लागते. तिथल्या शाळेत फुटबॉलच्या सामन्याआधी, विद्यार्थ्यांनीच मतदानाने निवडलेला विद्यार्थी माइकवरून प्रार्थना म्हणे. याविरुद्ध दोन कुटुंबे नाव गुप्त ठेवून न्यायालयात गेली, त्यांतले एक मॉर्मन पंथाचे आणि दुसरे कॅथलिक. ती कोण आहेत हे हुडकून काढण्याचा खटाटोप शाळेच्या लोकांकडून होऊ लागला, तेव्हा तो थांबवला नाही तर कडक कारवाई करीन असे न्यायाधीशांना लेखी बजावावे लागले. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ती प्रथा घटनाबाह्य ठरवली. त्याच्या आठ वर्षे आधीचा ऱ्होड आयलंडचा खटला मला त्याहून बोलका वाटतो. शाळेच्या पदवीदान समारंभात प्रार्थना म्हणायला शाळेने एका ज्यू धर्मगुरूला बोलावले होते, आणि त्या प्रार्थनेला हरकत घेणारे कुटुंबही ज्यूच होते. आपल्याच धर्माची प्रार्थना असली तरी ती शाळेने ठरवून म्हणवून घ्यावी, हे त्या बापाला मान्य नव्हते.

याउलट, मुलाला शाळेत प्रार्थना करता येत नाही, असे जे सांगितले जाते ते खरे नाही, आणि आपल्या लोकांनी तरी ते पसरवू नये. विद्यार्थी आजही आपापले एकटे किंवा मैत्रिणींबरोबर, वर्ग सुरू नसताना, हवी ती प्रार्थना करू शकतात. १९८४ च्या केंद्रीय कायद्याने माध्यमिक शाळांत इतर क्लब असतील तर धार्मिक क्लबलाही जागा मिळते. शाळेच्या ध्वजस्तंभाभोवती मुलांनी जमून प्रार्थना करण्याची प्रथा १९९० मध्ये टेक्सासमधल्याच बर्लसन गावी सुरू झाली आणि देशभर पसरली. फुटबॉल प्रशिक्षकाने सामन्यानंतर मैदानावर गुडघे टेकून वैयक्तिक प्रार्थना करण्यालाही २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संरक्षण दिले. त्या निकालाविषयी माझ्या मनात शंका आहेत, पण आज कायदा तो आहे. शिवाय २००३ पासून टेक्सासच्या प्रत्येक शाळेत रोज सकाळी अमेरिकेच्या आणि टेक्सासच्या अशा दोन्ही ध्वजांच्या प्रतिज्ञांनंतर एक मिनिट शांतता पाळली जाते. त्या मिनिटात कोणी देवाचे नाव घेतो, कोणी आईचे, कोणी गणिताच्या चाचणीची उजळणी करतो. मला ते मिनिट फार मोलाचे वाटते, कारण कोणाच्या मनात काय चालले आहे ते कोणत्याही वहीत लिहिता येत नाही.

माझी धाकटी चौथीत आहे. गेल्या वर्षी एकदा डबा खाताना तिच्या टेबलावरच्या चार मुलींनी एकमेकींचे हात धरून जेवणाआधीची प्रार्थना म्हटली. ‘मी पण हात धरले, पण डोळे उघडे ठेवले,’ असे तिने घरी आल्यावर सांगितले, आणि पुढे विचारले की चालते ना? मी म्हटले, चालते. त्या टेबलावर कोणी मोठे माणूस नव्हते, कोणाचे नाव कुठे लिहिले जाणार नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी तिने हात धरले नसते तरी तिला जागा तिथेच मिळाली असती. मुलींच्या त्या प्रार्थनेचे मला कौतुकच वाटले. तीच प्रार्थना उद्या बोर्डाच्या ठरावाने, शिक्षिकेच्या देखरेखीखाली, सह्यांच्या फाइलवरून एका खोलीत होणार असेल, तर ती त्या मुलींची राहणार नाही.

भारतात तरी काय वेगळे होते, असे कोणी विचारेल. आपल्या घटनेचे कलम २८ पाहा. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. आणि अनुदानित किंवा मान्यताप्राप्त संस्थेत विद्यार्थ्याला, तो अल्पवयीन असल्यास त्याच्या पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक उपासनेला बसवता येत नाही. म्हणजे पालकाच्या संमतीची अट आपल्याकडे १९५० पासून आहे. माझ्या वडिलांना कोणी कधी विचारले नाही, आणि त्या मुलाच्या वडिलांनाही नाही. केरळमध्ये तीन मुलांना राष्ट्रगीताला उभे राहूनही, धर्मश्रद्धेमुळे गायले नाही म्हणून शाळेतून काढले गेले, तेव्हा १९८६ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. त्या निकालात अमेरिकेतल्या १९४३ च्या, ध्वजवंदन नाकारणाऱ्या मुलांच्या खटल्याचा आधार घेतलेला आहे. नाशिकच्या एका शिक्षकाला प्रार्थनेच्या वेळी हात जोडले नाहीत म्हणून नाकारल्या गेलेल्या वाढीव वेतनश्रेणीसाठी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आणि २०१३ मध्ये त्याला न्याय मिळाला. तिथे आपण बहुसंख्य होतो, म्हणून यातले काही आपल्याला टोचले नाही. इथे टोचते आहे, तर निदान ते कशाचे टोक आहे हे आपण नीट ओळखले पाहिजे. मी हे स्वतःला आधी सांगते आहे.

आणखी एक भीती अनेकांनी खासगीत बोलून दाखवली. आपण व्हिसावर आहोत, ग्रीन कार्डाच्या रांगेत आहोत, उगाच कशाला बोर्डापुढे जाऊन नजरेत यायचे? ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. तीन वर्षांपूर्वीपर्यंत मीही त्याच रांगेत होते. बोर्डाच्या निवडणुकीत मत द्यायला नागरिकत्व लागते, पण बोर्डाच्या बैठकीत नाव नोंदवून विषयपत्रिकेवरच्या विषयावर बोलायला ते लागत नाही. टेक्सासचा कायदा हा हक्क जनतेतल्या कोणालाही देतो. ज्यांना उभे राहणे शक्य नाही त्यांनी सदस्यांना ईमेल लिहावी. मुलाचे नाव किंवा वर्ग लिहू नका. पालक म्हणून दोन परिच्छेद पुरतात. आणि नागरिक झालेल्यांनी तरी मागे राहू नये. २०२३ मध्ये शाळांत समुपदेशनासाठी धर्मोपदेशक नेमण्याचा कायदा झाला, तेव्हाही प्रत्येक बोर्डाला असेच मतदान करावे लागले होते आणि मोठ्या शहरांतल्या अनेक बोर्डांनी नकार दिला. त्या वेळी बोलायला पुढे आलेल्यांत ख्रिस्ती धर्मगुरूही मोठ्या संख्येने होते. त्यांच्या शेजारी उभे राहायला आपल्याला संकोच वाटायचे कारण नाही.

एखाद्या बोर्डाने हे धोरण स्वीकारलेच, तर कृपा करून त्या कागदावर सही करू नका. गीतेसाठीही करू नका. संस्काराची जागा आपल्याकडे आहे. शाळेचे सभागृह सुट्टीच्या दिवशी भाड्याने घेऊन आपण गणपती बसवतो, आरत्या म्हणतो, रविवारच्या मराठी शाळेत श्लोक शिकवतो, आणि आजवर त्याला कोणी अडवलेले नाही. ते आपले आहे, कारण ते आपण चालवतो.

मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. येत्या पंधरवड्यात सगळीकडे संक्रांतीचे कार्यक्रम आणि हळदीकुंकू आहे. तिळगूळ वाटून झाल्यावर अर्धा तास या विषयासाठी ठेवा. आपापल्या डिस्ट्रिक्टच्या बोर्डाची बैठक कोणत्या तारखेला आहे ते फळ्यावर लिहा, आणि कायद्याने संमतीपत्रात काय काय लिहून द्यायला सांगितले आहे ते सगळ्यांना मराठीत समजावून सांगा, विशेषतः हक्क सोडण्याविषयीचे कलम. ज्यांना बोर्डापुढे बोलायचे आहे त्यांचे निवेदन लिहायला मी जवळ बसून मदत करीन. त्या अर्ध्या तासात मुलांना बाहेर खेळायला पाठवू नका. दहा-बारा वर्षांच्या पुढची मुले आपल्यातच बसू द्या आणि त्यांना आधी बोलू द्या, कारण त्या खोलीच्या दाराशी रोज सकाळी उभे राहायचे आहे ते त्यांना.

आपली नम्र,
टेक्सासमधील एक मराठी आई